परगावी गेल्यावर गुलाबबाग कशी पाहावी : सोलापूरकरांसाठी

जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापुरात कुणाच्याही गच्चीवर जा. ऑक्टोबरात नीट छाटलेला गुलाब असेल तर तो तेव्हा ऐन भरात असतो. टपोरी फुलं, लांब दांडे, पानांवर चकाकी. तेच झाड एप्रिलमध्ये बघवत नाही. कळी लहान धरते, सकाळी उमललेलं फूल दुपारच्या आत मलूल होतं, पाकळ्यांच्या कडा भाजल्यासारख्या दिसतात. झाडाचं काही बिघडलेलं नसतं, उन्हाने ते भराभर उमलतं आणि भराभर संपतं. परगावची गुलाबबाग पाहायला निघण्याआधी आपल्या गच्चीवरची ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा. गुलाबाला वर्षातली वेळ असते आणि दिवसातलीही. या दोन्ही साधल्या तर बाग दिसते, नाही तर नुसती झुडपं दिसतात.

मला हे उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उत्तरेकडच्या एका शहरात गेलो होतो. तिथली गुलाबबाग बघायचीच असं ठरवून सगळं कुटुंब दोन रिक्षा करून पोचलो. आत पाहतो तर रांगाच्या रांगा नुसत्या काड्यांच्या, गुडघ्याएवढ्या. आठवड्यापूर्वीच छाटणी झाली होती. "आई, गुलाब कुठायत?" असं धाकटीने विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक बागेची मुळीच नव्हती. दोन महिने आधी रेल्वेचं तिकीट काढताना मी फक्त मुलांच्या सुट्ट्या पाहिल्या होत्या.

आधी महिना ठरवा, मग तिकीट काढा

छाटणीपासून पहिल्या बहरापर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. बागा छाटणी ऑक्टोबरच्या आसपास करतात, म्हणून महाराष्ट्रात डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. दिल्ली-चंदीगडकडे डिसेंबरात एक बहर येतो, मग कडाक्याच्या थंडीत झाडं मंदावतात आणि थंडी उतरू लागली की फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत सगळ्यात मोठा बहर येतो. आपल्या गड्ड्यानंतर एक महिना, असं लक्षात ठेवा. चंदीगडचा गुलाब महोत्सवही फेब्रुवारीतच असतो.

उटीचं उलट आहे. ती सव्वादोन हजार मीटरच्या आसपास उंचीवर. आपल्याकडे पारा बेचाळिसावर असतो तेव्हा तिथे गुलाबाला हवं तसं हवामान असतं. एप्रिल-मेमध्ये बाग भरलेली असते आणि मुलांच्या शाळाही बंद असतात. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत गुलाब पाहायचे असतील तर उटीलाच जा, दिल्लीला नको.

सोलापुरातल्या कितीतरी आई-वडिलांच्या अमेरिका-इंग्लंडच्या फेऱ्या होतात. त्यांच्यासाठी जून महिना. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये क्वीन मेरीज गार्डन्स आहे, तिथे सुमारे बारा हजार गुलाब आहेत आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ते सगळ्यात सुंदर असतात. अमेरिकेत पोर्टलंडची बाग १९१७ सालची. पहिलं महायुद्ध सुरू होतं, बॉम्बवर्षावात युरोपातल्या गुलाबाच्या जाती नष्ट होतील अशी भीती होती, म्हणून त्या जपायला अमेरिकेत जागा असावी या कल्पनेतून ती उभी राहिली. आजही तिथे नव्या जाती लावून त्यांची परीक्षा घेतली जाते. दोन्ही ठिकाणी प्रवेश फुकट आहे. मुलाला आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सोडायला सांगा.

सोलापूरहून कुठे जाता येईल

पहिल्यांदाच जात असाल तर बंगळूरु सोपं. दुपारी उद्यान एक्स्प्रेस धरली की दुसऱ्या दिवशी सकाळी केएसआर बंगळूरु. स्टेशनासमोरच्या मॅजेस्टिक मेट्रो स्टेशनावर हिरवी लाईन मिळते आणि गाडी न बदलता लालबाग स्टेशन येतं. लालबाग हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेली, पसारा दोनशे चाळीस एकरांचा. नुसते गुलाब बघायचे असतील तर आत शिरताच गुलाबांचा विभाग कुठे आहे हे विचारून घ्या, नाही तर चालून पाय दुखतात आणि गुलाबापर्यंत पोचेस्तोवर ऊन चढतं. तिथली हवा सौम्य असल्याने भर पावसाळा सोडला तर बराच काळ फुलं मिळतात. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथे मोठं पुष्पप्रदर्शन भरतं. ते बघण्यासारखं आहे, पण त्या दिवसांत गर्दी अफाट असते. शांतपणे वाफ्याशी उभं राहायचं असेल तर ते दिवस टाळा.

उटीला जायचं तर बंगळूरुहून म्हैसूर आणि तिथून बस. दिवसाचीच बस घ्या, कारण बंडीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद असतो. स्वतःची गाडी नेणार असाल तर निलगिरीत शिरायला ई-पासची अट लागू झाली आहे, तो निघण्याआधी काढून ठेवा. सरकारी गुलाबबाग एल्क हिलच्या उतारावर आहे. उटीच्या शंभराव्या पुष्पप्रदर्शनाची आठवण म्हणून ती १९९५ साली वसवली आणि जागतिक गुलाब महासंघाने २००६ मध्ये तिला उत्कृष्ट बागेचा सन्मान दिला. बाग पाच टप्प्यांत उतरत जाते. वरच्या टप्प्यावर उभं राहिलं की खालचे वळणदार वाफे एकाखाली एक असे दिसतात की पैठणीच्या काठांची घडी उलगडून ठेवलीय असं वाटतं. पण उतरणं सोपं आणि चढणं अवघड. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही त्यांना दुसऱ्या टप्प्यापर्यंतच नेलं आणि बाकावर बसवलं. त्यांनी तिथल्या दोन वाफ्यांतली सगळी फुलं नीट पाहिली. आम्ही पाचही टप्पे धावत पाहून आलो. रात्री मुलांनी विचारलं तेव्हा फुलांचे रंग त्यांनाच जास्त आठवत होते.

दिल्लीला कर्नाटक एक्स्प्रेस थेट नेते. राष्ट्रपती भवनातली बाग, जिला २०२३ पासून अमृत उद्यान म्हणतात, साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चअखेरपर्यंत लोकांना खुली असते. सोमवारी बंद. प्रवेश फुकट, पण वेळ आधी ऑनलाईन नोंदवून ठेवलेली बरी, आणि शनिवार-रविवारच्या वेळा लवकर भरतात. सकाळची पहिली वेळ मागा. ओळखपत्र जवळ असू द्या, डबा आणि मोठी पिशवी मुक्कामीच ठेवा. तिथे दीडशेहून अधिक जातींचे गुलाब आहेत. क्वीन एलिझाबेथ आणि अब्राहम लिंकनच्या शेजारी अर्जुन आणि भीमही आहेत. मुलांना पाट्या शोधायला लावा, तासभर कंटाळणार नाहीत.

दिल्लीपर्यंत गेलाच आहात तर आणखी एक दिवस काढून चंदीगडला जा, हे मी आग्रहाने सांगेन. सेक्टर १६ मधली ही बाग चंदीगडचे पहिले मुख्य आयुक्त डॉ. महिंदरसिंग रंधावा यांच्या पुढाकाराने १९६७ साली झाली आणि तिला राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचं नाव दिलं. सेक्टर १७ च्या बाजारातून तिथे चालत जाता येतं. एकाच फुलाचे शेकडो प्रकार, मोकळ्या हिरवळीवर, घाई न करता बघायला मिळतील अशी याहून चांगली जागा आपल्या देशात मी तरी पाहिलेली नाही. महोत्सवाच्या तीन दिवसांपेक्षा त्याच्या आधीचा किंवा नंतरचा आठवडा बरा. फुलं तीच असतात आणि पाय ठेवायला जागा असते.

पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत असतं. हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन त्याच दिवशी परत येता येतं. सवय व्हावी म्हणून सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

सकाळ राखून ठेवा

शहर पाहायला गेलं की आपण काय करतो? सकाळी नाश्ता करून दहाला निघतो, देऊळ, किल्ला, बाजार, आणि वेळ उरला तर संध्याकाळी बाग. गुलाबबागेसाठी हा क्रम उलटा करा. बाग उघडते त्या वेळेला दारात हजर राहा आणि नाश्ता नंतर करा. अत्तरासाठी गुलाब खुडणारे शेतकरी पहाटेच शेतात जातात, कारण ऊन चढलं की फुलातलं सुगंधी तेल उडून जातं. बागेतही तेच. सकाळी आठला ज्या फुलाला सुंदर वास होता त्याला बारा वाजता नुसता पाल्याचा वास येतो. एका मुक्कामात एकच बाग धरा आणि तिला दोन-अडीच तास द्या.

पायात बंद चपला किंवा बूट घाला. सकाळी वाफ्यांना पाणी दिलेलं असतं आणि हिरवळ ओली असते. साडी असेल तर पदर खोचून घ्या, ओढणी असेल तर गाठ मारा. काट्यात अडकलेला पदर ओढला की कापड आणि फांदी दोन्ही फाटतात. आपण मागे जाऊन तो उलट दिशेने सोडवायचा. अंगाला अत्तर किंवा सेंट लावू नका. एकतर फुलाचा वास कळत नाही, दुसरं म्हणजे मधमाश्या मागे लागतात. कडक भाकरी, शेंगाचटणी जरूर बरोबर घ्या, पण ती गाडीत किंवा बाहेरच्या बाकावर खायची.

आत गेल्यावर

पहिली फेरी न थांबता मारा. फोन खिशात ठेवा. कुठल्या वाफ्याने पाय आपोआप थांबले ते फक्त लक्षात ठेवा. दुसऱ्या फेरीत थेट त्या दोन-तीन वाफ्यांकडे जा आणि बाकी सोडून द्या. शंभर जाती बघितल्या तर एकही आठवत नाही.

मग पाटी वाचा. बहुतेक बागांत वाफ्याच्या कडेला जातीचं नाव असतं, काही ठिकाणी ती तयार करणाऱ्याचं नाव आणि सालही असतं. 'पीस' असं दिसलं तर थांबा. पिवळ्या पाकळ्या आणि कडेला गुलाबी झाक. फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयां यांनी तयार केलेल्या या जातीला १९४५ साली, दुसरं महायुद्ध संपत आलेलं असताना, शांततेचं नाव मिळालं. 'सुपर स्टार' १९६० चा, शेंदरी रंगाचा. 'आइसबर्ग' १९५८ चा, पांढरा, झुबक्यांनी फुलणारा. 'डबल डिलाइट' १९७७ चा. आत सायीसारखा पांढरा, कडेने लाल, आणि ऊन लागेल तसा लाल रंग वाढत जातो. त्याचा वास घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि डॉ. बी. पी. पाल हे नाव दिसलं की मनोमन नमस्कार करा. हे गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेरा रोगाला तोंड देणारा गहू तयार करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचे ते पहिले महासंचालक झाले. हे सगळं सांभाळून त्यांनी आपल्या हवेत टिकतील असे गुलाब तयार केले. परदेशी जात इथल्या उन्हाळ्यात कशी होरपळते हे ज्याने झाडं लावून पाहिलंय त्याला या कामाचं मोल कळतं. म्हणून बागेत भारतीय जातींचा वेगळा वाफा आहे का, हे मी नेहमी विचारते.

प्रकार ओळखायला फार अभ्यास लागत नाही. एका लांब दांड्यावर एकच मोठं, टोकदार कळीचं फूल असेल तर तो हायब्रीड टी, दुकानात मिळतो तो साधारण याच घराण्यातला. दांड्याच्या टोकाला फुलांचा झुबका असेल तर फ्लोरिबंडा. कुंडीत मावणारे छोटे ते बटण गुलाब. कमानीवर चढवलेले ते वेली गुलाब. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनचे गुलाब तिकडे पोचले, त्यांच्याशी संकर झाला, आणि पुन्हापुन्हा फुलणारं झाड मिळालं. १८६७ चा 'ला फ्रान्स' हा पहिला हायब्रीड टी मानतात. आपल्या हारातला गावठी गुलाब, ज्याचा गुलकंद करतो, तो या सगळ्यांत दिसायला साधा असतो. पण वासात त्याच्यापुढे यांतले बरेच फिके पडतात.

आता एका फुलाजवळ वाका. सगळ्यात मोठं उमललेलं फूल निवडू नका, त्याचं आयुष्य संपत आलेलं असतं. अर्धवट उघडलेलं बघा. कळीखालची पाच हिरवी पाती वर चिकटलेली असतील तर ते अजून बंद आहे. ती पाती खाली वळली असतील तर फूल आज उघडणार. वरून पाहिलं की मधोमध पाकळ्यांचा पीळ दिसतो, पिठाच्या लाटीला बोटाने वळण द्यावं तसा. बाहेरची पाकळी आतून आणि बाहेरून एकाच रंगाची आहे का तेही बघा, बऱ्याचदा नसते. वास घेताना नाक आत खुपसू नका, कारण आत मधमाशी असू शकते. फुलावर एकदा हलकी फुंकर मारा, दोन श्वास थांबा, मग हुंगा. तीन-चार जाती ओळीने हुंगल्या की नाक थकतं. तेव्हा थोडं लांब जाऊन साध्या हवेत उभं राहा.

फोटो काढताना आधी पाटीचा काढा, मग फुलाचा. हा क्रम मोडला की घरी आल्यावर चाळीस गुलाबी फुलं आणि एकाचंही नाव नाही, अशी गत होते. भर उन्हात लाल रंग फोनमध्ये फाटतो. अशा वेळी कुणाला तरी शेजारी उभं करून फुलावर सावली पाडा.

माळीकाका दिसले तर

तर सगळं सोडून त्यांच्याजवळ जा. मान देऊन विचारलं की बहुतेक जण हौसेने सांगतात, भाषा येत नसली तरी हाताने दाखवतात. उटीला एका काकांना मी असंच बघत उभी होते. त्यांना मराठी येत नव्हतं, मला तमिळ. वाळलेलं फूल ते नुसतं खुडत नव्हते. दांड्यावरून बोट खाली आणत पाच पानांच्या पात्यापर्यंत यायचे, त्याच्या बगलेतला डोळा, म्हणजे जिथून नवी फूट येते तो कोंब, झाडाच्या बाहेरच्या बाजूला बघतोय याची खात्री करायचे आणि त्याच्या थोडं वर सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, तिरका काप द्यायचे. आतल्या बाजूचा डोळा असेल तर मान हलवून एक पान आणखी खाली. मी खुणेनेच विचारलं, असं का? त्यांनी दोन्ही हातांची बोटं ओंजळीसारखी पसरून दाखवली. झाड मधून मोकळं राहिलं पाहिजे, वारा आणि ऊन आत गेलं पाहिजे. मी घरी इतकी वर्षं फुलाच्या मानेपाशीच तोडत होते. तेव्हापासून माझ्या कुंडीतल्या झाडाचा आकारच बदलला.

काय करू नये, हे थोडक्यात. फूल तोडू नका, गळलेली पाकळीही उचलून मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. बागेतल्या गुलाबांवर औषधं फवारलेली असतात, त्यामुळे बाहेर पडल्यावर हात धुवा. फोटोसाठी वाफ्यात पाय टाकू नका, माती दबली की मुळांना हवा मिळत नाही. एखाद्या झाडाची काडी मोडून कलमासाठी पिशवीत टाकणारी चांगल्या घरची माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून असं करू नका. बागेतली झाडं बहुतेक डोळा भरून, म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा बसवून, केलेली असतात, आणि चोरलेली काडी प्रवासात वाळूनच जाते.

सोलापूरला परतल्यावर

काडीऐवजी नावं आणा. फोटोंतून आवडलेल्या चार-पाच जातींची यादी करा आणि पाऊस सरल्यावर, थंडीच्या तोंडावर, ओळखीच्या रोपवाटिकेत जा. यादीतली भारतीय जात मिळाली तर तिला पहिला मान द्या. घेताना डोळा भरलेली गाठ कुठे आहे ते बघा. लावताना ती मातीच्या वर राहिली पाहिजे. गाठीच्या खालून फूट आली तर ती खुंटाची असते, मुळापासून काढून टाका, नाही तर दोन वर्षांत खुंटच झाड खाऊन टाकतो.

आपली काळी माती कुंडीत एकटी वापरू नका. ती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. तांबडी माती, शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून कुंडीवर वाळक्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन बोटं थर द्या. तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नाही. मार्चपासून कुंड्या अशा हलवा की दुपारी बारानंतर त्यांच्यावर सावली येईल.

नव्या झाडाची पहिली छाटणी पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर करा, सिकेटर धुऊन पुसून घ्या, आणि बाहेर बघणारा डोळा शोधून त्याच्या थोडं वर तिरका काप द्या.